इनाम-वतनाच्या जुन्या कागदांतून घराण्याचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतला एखादा कागद सापडतो आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो, "यात आपल्या पूर्वजांचं काही आहे का?" गेली बरीच वर्षे मी भाऊबंदांचे, गाववाल्यांचे आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे असे कागद लावून देतो आहे. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हे कागद जमिनीसाठी लिहिले गेले. सरकारी दप्तरात ते गावाच्या नावाने लावलेले असतात, आडनावाप्रमाणे नाही. जमीन धरून मागे गेलात तर माणसे भेटत जातात. नुसते आडनाव धरून गेलात तर महिनोन्महिने रुमाल (कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) सोडून बांधण्यात जातात.

इनाम, वतन आणि सरंजाम यांत फरक काय?

इनाम म्हणजे सारा माफ करून किंवा नाममात्र ठेवून दिलेली जमीन. कधी चार बिघे, कधी अख्खा गाव. अख्खा गाव दिला असेल तर कागदात 'दरोबस्त' असा शब्द येतो. वतन म्हणजे पिढीजात काम आणि त्या कामापोटी मिळणारी जमीन, हक्क, मानपान. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, महारकी ही सगळी वतने. सरंजाम फौजेच्या खर्चासाठी असे आणि तत्त्वतः तो वंशपरंपरेचा नसे, व्यवहारात मात्र अनेक घराण्यांकडे तो टिकून राहिला.

इंग्रजी अमलात या साऱ्याला 'दुमाला जमीन' म्हटले गेले आणि वर्ग पडले: सरंजाम १, जात (म्हणजे व्यक्तिगत) इनाम २, देवस्थान ३, देशमुख-देशपांड्यांसारखे परगणे वतनदार ४, पाटील-कुलकर्णी ५, गावकामगार व बलुतेदार ६. जुन्या उताऱ्यावर 'इनाम वर्ग' असा आकडा दिसला तर तो हा. त्या एका आकड्यावरून आपले घराणे गावात काय काम करत होते हे कळते, म्हणून आधी तोच शोधावा.

घरात एकही कागद नाही. सुरुवात कुठून करू?

गावावरून. आजोबा-पणजोबांच्या नावावर जमीन होती त्या गावाचा आजचा सातबारा काढा. त्यावरचे फेरफार क्रमांक धरून एकेक फेरफार मागे जा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे बहुतेक गावांत फेरफाराची साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचते. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि सगळे वारस असतात. अनेक घरांत पणजोबांची मृत्युतारीख इथेच पहिल्यांदा कळते.

पुढे एक अडथळा येतो. सातबाऱ्यावर आज गट नंबर आहे आणि जुने सगळे कागद सर्व्हे नंबरावर आहेत. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाच्या तक्त्याचा उतारा मागा, त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो. जुना नंबर हाती आला की इनामपत्रक (इनाम जमिनी आणि त्यांच्या हिस्सेदारांची नोंद), आकारफोड (साऱ्याची हिश्श्यांवर विभागणी), क-ड-ई पत्रक या जुन्या पत्रकांच्या नकला मागता येतात. तलाठ्याकडचा गाव नमुना ३ ही दुमाला जमिनींचीच नोंदवही आहे. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, तेव्हा फेऱ्या मारण्याआधी तिथे पाहून घ्या.

इनामपत्रकातून वंशावळ कशी निघते? त्यात तर नुसते आणे-पै असतात.

आणे-पै हीच वंशावळ आहे. हे एकदा डोळ्यांसमोर मांडून पाहा.

संपूर्ण वतन म्हणजे सोळा आणे. एका आण्याचे बारा पै, म्हणजे वतनाचे एकूण १९२ पै. समजा पत्रकात चार तक्षीमदार, म्हणजे हिस्सेदार, आहेत: पहिला ५ आणे ४ पै, दुसरा ५ आणे ४ पै, तिसरा २ आणे ८ पै, चौथा २ आणे ८ पै. ५ आणे ४ पै म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. म्हणजे मूळ पुरुषाला तीन मुलगे. दोघांचा हिस्सा अखंड राहिला. तिसऱ्याचा हिस्सा दोन ठिकाणी निम्मा झाला, म्हणजे त्याला दोन मुलगे. नावांची एक ओळही न वाचता तीन पिढ्यांचा सांगाडा तयार होतो. १ आणा ४ पै दिसले तर बारावा हिस्सा, म्हणजे आणखी एक पिढी खाली.

आमच्या घराचे असेच झाले. घरात तोंडपाठ असलेल्या वंशावळीत दोनच शाखा होत्या आणि दोघांचे मिळून १० आणे ८ पै भरत होते. उरलेले ५ आणे ४ पै कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पत्रकात तिसऱ्या नावापुढे दुसऱ्या परगण्यातल्या गावाचे नाव आणि 'राहणार' एवढे दोन शब्द निघाले. त्या गावी गेलो तेव्हा तिथल्या घरी आमचाच कुलस्वामी, आमचेच देवक. आमचे भाऊबंद तिथे होते, आणि त्यांच्याही तोंडपाठ वंशावळीत आमची शाखा नव्हती. त्या दिवसापासून मी कुठलेही पत्रक हाती आले की नावांच्या आधी हिश्श्यांची बेरीज करतो. सोळा आणे भरत नसतील तर माणसे हरवलेली आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. वतन विकतही घेतले जाई. निम्मी पाटीलकी दुसऱ्या घराण्याला विकल्याची खरेदीखते भरपूर सापडतात. तेव्हा ८ आणे आणि ८ आणे दिसले म्हणून दोघे भाऊच असतील असे नाही. आडनाव, कुळ, देवक जुळते का ते पाहावे.

इनाम कमिशन म्हणजे काय, आणि त्याचे कागद इतके महत्त्वाचे का?

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांपुढे प्रश्न होता की माफीच्या जमिनी खरोखर कोणाच्या. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचा अधिकार मिळाला. प्रत्येक इनामदाराला आपला हक्क सिद्ध करावा लागला: मूळ सनद कोणी कोणाला दिली, त्या माणसापासून आपण कितवे, मधल्या काळात वहिवाट कशी चालली. त्यासाठी लोकांनी कैफियती लिहून दिल्या आणि वंशावळी जोडल्या. बऱ्याच जणांच्या जमिनी यात गेल्या. इनामदारांमध्ये त्याची चीड फार होती आणि १८५७ च्या आधीच्या असंतोषात तिचा वाटा होता. १८६३ च्या कायद्यांनी मग तडजोड झाली. ठरावीक जुडी-नजराणा (सवलतीचा सारा आणि सरकारला द्यायची रक्कम) कबूल करणाऱ्याला फार खोलात न शिरता इंग्रजी शिक्क्याची सनद मिळाली.

घराण्याचा शोध घेणाऱ्यासाठी कैफियत हे सर्वांत मोठे घबाड. सनद एका माणसाबद्दल सांगते, तर कैफियत चार-पाच पिढ्या सलग सांगते आणि तीही त्या घरातल्या माणसाच्या तोंडून. जमीन राखण्यासाठी लिहिलेली असल्याने ती थोडी आपल्या बाजूने ओढलेली असते हे लक्षात ठेवावे. निपुत्रिक वारलेला चुलता, तंट्यातला सावत्रभाऊ अशी नावे तिच्यातून सहज गळतात. ती नावे सापडतात प्रतिपक्षाच्या कैफियतीत, म्हणून तंटा झालेला असेल तर दोन्ही बाजूंचे कागद मागावेत.

हे कागद आज कुठे आहेत?

आपले गाव त्या काळी कोणाच्या अमलात होते, यावर हे ठरते. आजचा जिल्हा पाहून निघू नका.

पेशव्यांच्या अमलातल्या मुलुखासाठी पहिले ठिकाण पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले पेशवे दप्तर. इथे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, शाहू दप्तर, सातारा महाराज, जमाव असे भाग आहेत. रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च आणि हुकूम उतरवलेले असतात, त्यामुळे सनदेची तारीख माहीत असेल तर त्याच दिवसाच्या कीर्दीत तिची नोंद शोधता येते. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापलेले आहेत. ते राजकारणाच्या अंगाने निवडले आहेत, तरी नावांची सूची एकदा चाळावी. पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळात, १९१० पासून, असंख्य घराण्यांची दप्तरे जमा झाली आहेत. खानदेशाकडच्यांनी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ सोडू नये.

कोल्हापूर संस्थानातल्या गावांसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार आहे. सांगली, मिरज, जमखंडीकडच्या लोकांनी आपले गाव कोणत्या पटवर्धनांकडे होते ते आधी ठरवावे. सातारचे राज्य १८४८ ला खालसा झाले, त्यामुळे तिथली चौकशी थोडी निराळ्या वळणाने गेली.

मराठवाड्याचा कारभार निजामाचा, म्हणून कागद फारसी-उर्दूत. तिथे सनदेइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे मुंतखब, इनामाच्या चौकशीचा निकाल. इनामदार वारल्यावर 'विरासत' मंजूर होई, तिच्या मिसलीत, म्हणजे फाइलीत, वारसांची नावे आणि नाती मिळतात. त्यानंतरचे खासरा पत्रक आणि पहाणी पत्रक तहसिलीत मिळतात.

नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत. तिथल्या बंदोबस्ताच्या मिसली आणि गावाचे वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) पाहावेत. कोकणात खोती, म्हणजे गावाचा सारा खोतामार्फत वसूल होण्याची पद्धत, आणि तिथे 'बोटखत' हा शब्द लक्षात ठेवा. खोती गावातली कुळे आणि त्यांचे खंड त्यात उतरवलेले असतात. खोत नसलेल्या, कसणाऱ्या घरांचे नाव सापडण्याची तिथे चांगली शक्यता असते.

मोडी येत नाही. शिकावी की वाचून घ्यावी?

दोन-चार कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. पेटीभर असतील तर शिका. अक्षरओळख दोन-तीन आठवड्यांत होते. पुराभिलेख विभाग आणि अनेक संस्था वर्ग घेतात.

कठीण जाते ते वेगळ्याच कारणाने. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरे लटकवत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसते. त्यात 'मौजे', 'परगणे', 'मजकूर', 'मुक्काम' हे शब्द एका अक्षरावर आणि एका फराट्यावर आटोपलेले. म्हणून वर्णमालेपाठोपाठ हे संक्षेप पाठ करावेत. माझा अनुभव असा की एकाच कारकुनाच्या हातचे पाच कागद वाचले की सहावा आपण होऊन वाचता येतो.

कागदावर "सलास सबैन मया अलफ" असे काहीतरी आहे. ही तारीख कशी काढायची?

हे अरबी आकडे आहेत आणि सन आहे सुहूर. एकं आधी, मग दहं, मग शेकडा, मग हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. म्हणजे सलास सबैन मया अलफ म्हणजे ११७३.

सुहूर सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११७३ हे साल १७७२ च्या जूनपासून १७७३ च्या जूनपर्यंत. महिना मात्र मुसलमानी चांद्र महिना असतो आणि दिवसाच्या आधी 'छ' येतो, तो 'चंद्र'चा. फसली (महसुली) सन असेल तर ५९० किंवा ५९१, शालिवाहन शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शक' अशी सुरुवात असेल तर तो छत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून मोजलेला शक, त्यात १६७३ किंवा १६७४ मिळवा. संवत्सराचे नाव दिले असेल तर तेही ताडून पाहा. शके १६९४ चे संवत्सर नंदन, त्याऐवजी दुसरे काही वाचले गेले तर वाचण्यात चूक आहे.

सितैन आणि सबैन यांत घाई करू नका. मी माझ्याच घरच्या कागदात 'सितैन'चे 'सबैन' वाचले. त्यामुळे वारलेला माणूस माझ्या हिशेबात दहा वर्षे जास्त जगला आणि त्याच्या मुलाच्या नावची खरी सनद मला बनावट वाटू लागली. ती चूक सापडायला दोन वर्षे गेली.

सनदेत घराण्याच्या दृष्टीने काय वाचायचे?

मायना सोडून चौथ्या-पाचव्या ओळीपासून लक्ष द्या. तिथे ज्याला इनाम दिले त्याचे नाव, बापाचे नाव, ब्राह्मण असेल तर गोत्र आणि सूत्र, 'उपनाम' म्हणून आडनाव आणि राहण्याचे गाव येते. त्यानंतर कारण: अमक्या लढाईत बाप कामी आला, स्नानसंध्या करून राज्यास कल्याण चिंतितात, गाव ओसाड पडले ते वसवले. कुटुंबात चालत आलेल्या गोष्टीचा धागा इथे मिळतो किंवा तुटतो.

पुढे जमिनीचे वर्णन. बिघ्याचे वीस पांड, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. या शेजाऱ्यांची नावे टिपून ठेवा, कारण त्यांच्या वंशजांच्या कागदांत तुमचा पूर्वज शेजारी म्हणून सापडतो. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित' हे ठरलेले शब्द आहेत, त्यावरून गुप्तधनाचे तर्क करू नयेत. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की इथे लिहायलाच हवे.

शेवटाकडे एक उपयोगी वाक्य असते: या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र इनामदाराला भोगवट्यासाठी परत द्यावे. मूळ कागद घरात आणि नक्कल देशमुख-देशपांड्यांच्या किंवा सरकारच्या दप्तरात, अशी ही व्यवस्था. घरची सनद जळाली, भिजली, वाळवीने खाल्ली तरी नक्कल परगण्याच्या दप्तरात असण्याची शक्यता यामुळेच असते.

एकच नाव दर दोन पिढ्यांनी येते. माणसे वेगळी कशी करायची?

आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहे. त्यामुळे गोविंद रामचंद्र, त्याचा रामचंद्र गोविंद, त्याचा पुन्हा गोविंद रामचंद्र. दोघे गोविंद रामचंद्र चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच गावात, एकाच जमिनीवर. नावावरून ते वेगळे काढता येत नाहीत. तारीख, भावाचे नाव आणि बायकोचे नाव यांवरून येतात. प्रत्येक उल्लेखासाठी वेगळी चिठ्ठी करा आणि खात्री होईपर्यंत दोन चिठ्ठ्या एका माणसाच्या म्हणून जोडू नका.

कागदात आमचे आडनाव वेगळेच आहे.

बहुधा तेच तुमचे जुने आडनाव. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, जोशी, चौगुले, इनामदार ही वतनावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली नावे आहेत. एका तालुक्यात दहा कुलकर्णी घराणी असतील तर त्यांची गोत्रे निरनिराळी असू शकतात. म्हणून 'कुलकर्णी घराण्याचा इतिहास' असा काही एक नसतो, अमक्या गावच्या कुलकर्ण्यांचा असतो.

बायकांची नावे सापडतात का?

कमी सापडतात, पण सापडतात. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. विधवेने दत्तक घेतला, अज्ञान मुलाच्या वतीने वतन चालवले, भाऊबंदांविरुद्ध फिर्याद केली, मुलीला चोळी-बांगडीसाठी जमीन तोडून दिली, अशा कागदांत बाई स्वतः उभी असते आणि सहीच्या जागी बांगडीची निशाणी असते. माहेरचे नाव मात्र जवळजवळ कधीच नसते. दत्तकाचे कागद असतील तर ते आधी वाचा. वंशावळीत रक्ताची आणि नावाची वाट तिथेच वेगळी होते, आणि घरात पुढच्या पिढीला ते बहुतेक वेळा सांगितलेले नसते.

आमचे महार वतन होते. आमच्यासाठी काही नोंदी आहेत का?

आहेत, आणि त्या शोधायलाच हव्यात. महार वतनाच्या नोंदवह्यांत वतनदार कुटुंबांची नावे, त्यांचे हिस्से आणि पाळीने काम करणाऱ्यांची नावे येतात. ज्या घरांत सनद, कैफियत, खरेदीखत काहीच नाही, तिथे हा एकच कागद पूर्वजांची नावे ओळीने सांगतो. त्या नोंदीमागे काय होते हेही वाचताना समोर असावे: रात्री-अपरात्री कुठलेही काम, आणि त्या मानाने जमिनीचा तुटपुंजा तुकडा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याचसाठी. ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. त्यानंतर जमिनी मूळ वतनदारांना नव्या शर्तीवर (परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा) परत दिल्या गेल्या, आणि त्या फेरवाटपाच्या फेरफारात सगळ्या हिस्सेदारांची नावे एकत्र मिळतात. माझा सल्ला असा की त्या एका फेरफारापासून सुरुवात करा आणि तिथून मागे जा.

रामोशी, न्हावी, सुतार, कुंभार, चांभार, गुरव यांच्याही जमिनी वर्ग ६ मध्ये किंवा देवस्थानच्या नोंदीत सापडतात.

आमच्या घराला इनामही नव्हते आणि वतनही नव्हते. मग?

महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचा कागद, पाहा. गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा (वतनदार आणि गावकऱ्यांची न्यायसभा) बसे आणि निवाड्याखाली हजर असलेल्यांची नावे लागत. लिहिता न येणारा आपली खूण काढी. 'निशाणी नांगर' अशी खूण असलेली नावे कुणब्या-पाटलांची. दुसऱ्याच्या तंट्यात साक्षीला उभा राहिलेला आपला खापरपणजोबा असा भेटतो. शिवाय गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेले जन्म-मृत्यूचे पुस्तक, सगळ्यांसाठीच आहे. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधण्याच्या कामात अनेक जिल्ह्यांतली अशी मोडी पुस्तके बाहेर काढून स्कॅन झाली.

सनद खरी की बनावट, हे कसे ओळखायचे?

इनामाच्या लालसेने खोट्या सनदा त्या काळीही होत. पहिली कसोटी तारीख आणि शिक्का यांचा मेळ. वरचेच साल घ्या. ११७३ सुहूरमध्ये, १८ नोव्हेंबर १७७२ ला, थोरले माधवराव थेऊरला वारले आणि नारायणराव पेशवे झाले. आता 'छ ५ सफर सलास सबैन' अशी मिती असेल तर तो दिवस एप्रिल १७७३ अखेरचा येतो. त्यावर माधवरावांचा शिक्का असेल तर तो कागद शंकास्पद. दुसरे, शेवटी 'मोर्तब सुद'चा, म्हणजे मजकूर संपल्याचा, छोटा शिक्का आहे का, मागे दप्तरात नोंद झाल्याची 'बार' ही खूण आहे का. तिसरे, कागद कसला आहे. हातकागदाच्या जागी गिरणीचा कागद दिसला तर तो मूळ नव्हे. मात्र नक्कल असू शकते, आणि नक्कल म्हणजे खोटे नाही.

ताम्रपट किंवा गद्धेगाळ सापडली तर?

यादव-शिलाहारांचे ताम्रपट हीसुद्धा भूदानपत्रेच, आणि दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेली गद्धेगाळ म्हणजे त्या दानाचा दगडी शिक्का. गावाच्या इतिहासासाठी त्या अनमोल आहेत. आजच्या घराण्याशी त्यांची सलग साखळी मात्र जुळत नाही, कारण मधल्या तीन-चार शतकांचे कागद नाहीत. केवळ गोत्र जुळले म्हणून नाते जोडू नका.

सनद सापडली म्हणजे जमीन परत मिळेल का?

नाही. परगणे व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून गेली, जात इनामे १९५२ च्या कायद्याने, मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून, मराठवाड्यातली इनामे १९५४ च्या कायद्याने. फेरवाटपाच्या आणि कुळकायद्याच्या मुदती केव्हाच संपल्या. देवस्थान इनामाचा विषय वेगळा आहे, तिथे वकिलाला विचारा. जातपडताळणीसाठी हे कागद उपयोगी पडू शकतात, पण त्यासाठी प्रमाणित नक्कल आणि अधिकृत लिप्यंतर लागते आणि नाते पिढीगणिक दाखवावे लागते.

काढलेली वंशावळ कशाशी पडताळायची?

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांशी. पूर्वज यात्रेला गेला की तिथे स्वतः नाव, गाव, बाप, भाऊ, मुले लिहवून येई. जमिनीचा कागद हिस्सेदारच सांगतो, ही वही घरातली सगळी माणसे सांगते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे भटके लोक) येतात आणि पिढ्या वाचून दाखवतात, त्यांचे ऐकताना रेकॉर्ड करून घ्या. छापील कुलवृत्तांत असेल तर तो शेवटी उघडा. आधी उघडला तर आपण कागदात तेच वाचू लागतो.

गोव्यातल्या आणि तंजावरच्या मराठी घरांचे काय?

गोव्यात जमीन गावकरीची, म्हणजे कोमुनिदादची होती, आणि गावकऱ्यांच्या याद्या पोर्तुगीज कागदांत आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात त्या पाहाव्यात. धर्मांतरात नाव बदलले तरी 'वांगड', म्हणजे गावकरीतले मूळ कूळ, बदलत नाही, म्हणून वांगड धरून चाला. तंजावरला भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते आणि तिथल्या दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तिथल्या इनामाला 'सर्वमान्य' (करमाफ) असा शब्द येतो.

घरातले कागद कसे जपायचे?

लॅमिनेशन अजिबात करू नका. एका ओळखीच्यांनी कौतुकाने आपली सनद एका दुकानातून लॅमिनेट करून आणली. काही वर्षांत शाई पसरली आणि शिक्क्याचा भाग प्लास्टिकला चिकटून गेला. आता तो सोडवता येत नाही. सेलोटेप, स्टेपल, रबरबँड हेही नको. गुंडाळी घट्ट असेल तर जोर लावून उलगडू नका, पुराभिलेखागारात विचारा. धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल करून, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पुढून आणि मागून काढा. मागची बाजू विसरू नका, नोंदीच्या खुणा तिथेच असतात. बाजूला फूटपट्टी ठेवा. आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा: हा कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कोणत्या कागदांच्या मधे सापडला, आणि तो काढताना घरातले वडीलधारे काय म्हणाले.